गालावरचा हात

शिवदास पेंटर घर सोडायला तयार नव्हते आणि त्यांच्या एका सहीपायी कन्नमवार नगरातली आख्खी इमारत पाडायची थांबली होती. बाकीच्या एकतीस बिऱ्हाडांनी कधीच सह्या ठोकल्या होत्या. कुणी नाहूरला भाड्याची जागा बघून ठेवली होती, कुणी मुलुंडला, आणि येताजाता जिन्यात उत्तराला गाठून सगळे एकच विचारायचे, “काय गं, बाबांचं काय ठरलं?” उत्तरा म्हणायची, “बोलते.” गेले पाच महिने ती बोलतच होती.

एकदा सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा स्वतः वर आले. शिवदास खिडकीशी खुर्चीत बसले होते. वय चौऱ्याऐंशी, काचबिंदूनं दोन्ही डोळे नेलेले, उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळायचं. शर्टाच्या खिशात मात्र अजून पेन्सिल असायची, टोक काढलेली.

“तेजल इली तर खंय येतली?” त्यांनी आपल्या मालवणीत अण्णांनाच विचारलं. “पोलिसांत ह्योच पत्तो दिलेलो आसा.”

“पेंटर, अडतीस वर्षं झाली हो.”

“झाली मा? मगे आता येवचीच वेळ झाली.”

अण्णा चहा पिऊन खाली गेले. उत्तराला हसूही आलं आणि भिंतीवर डोकं आपटावंसंही वाटलं. पंचेचाळीस वर्षांची बाई, शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक, दिवसभर पोरांच्या हातून परीक्षानळ्या वाचवायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन या म्हाताऱ्याची आशा सांभाळायची. आशा तिलाही नव्हती असं नाही. बापाला वेड लागलंय असं ती लोकांना सांगायची, पण दाराची बेल अवेळी वाजली की आधी तीच उठायची.

तेजल तिची धाकटी बहीण. १९८६ साली, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, घाटकोपरच्या बाजारात हरवली. साडेतीन वर्षांची होती. उशिरा बोलायला लागलेली, चार शब्द यायचे, त्यातला एक ‘बाय’. घरात सगळे तिला बाय म्हणायचे, म्हणून तीही स्वतःला बाय म्हणायची. त्या दिवशी आई, म्हणजे सुहासिनी, मूर्तीवरच्या लाकडी माटवीला टांगायची रानफळं-पानं घेत होती. कोकणातल्या माणसाचा गणपती माटवीशिवाय बसत नाही. आईनं सात वर्षांच्या उत्तराच्या एका हातात तेजलचा हात दिला होता. भाजीवालीनं तिला एक पिकलेलं कवंडळ दाखवलं, लालबुंद, चेंडूएवढं. ते दोन्ही हातांत घ्यायला उत्तरानं तेजलचा हात सोडला. परत धरायला गेली तर हात नव्हता.

एवढंच घडलं होतं. पुढच्या अडतीस वर्षांत तिला कुणीही, अगदी आईनंही, ‘तू हात सोडलास’ असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. रडून, भांडून मोकळी तरी झाली असती.

*

शिवदास आधी गिरणीत होते, कापडाच्या डिझाईन खात्यात. फुलं, वेलबुट्ट्या, साडीचे काठ काढायचे. संप झाला, गिरणी गेली, आणि ते घाटकोपरच्या एका फोटो स्टुडिओत रिटचिंगला लागले. उपनगरांत त्यांच्या तोडीचा हात नव्हता असं लोक म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. लग्नाच्या मुलींचे फोटो त्यांच्याकडेच यायचे. तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशानं उजेड पाडायचा, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि बारीक बारीक रेघांनी मुलीच्या तोंडावरचं नको ते भरून काढायचं. देवीचे वण, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं. सावळी मुलगी असली तर निगेटिव्हमधल्या चेहऱ्यावर पातळ लाल रंगाचा हात द्यायचा, की छापात ती गोरी येते. मुलींच्या आया हात जोडत, पाया पडायच्या तेवढ्या बाकी राहत. किती मुलींची लग्नं शिवदासांच्या पेन्सिलीनं जमली आणि त्यातल्या किती जणींना पहिल्याच दिवशी टोमणे ऐकावे लागले, याची चौकशी कोण करतो?

घरच्या मुलीवर हा प्रयोग त्यांनी पुढे केलाच. उत्तरा चोविसाची झाली तेव्हा तिचाही फोटो निघाला आणि नाकीडोळी सुधारून दोन स्थळांना गेला. दुसऱ्या स्थळाची बाई घरी आली, तिनं फोटो बघितला, उत्तराला बघितलं, परत फोटो बघितला आणि गोड आवाजात विचारलं, “ही धाकटी का? फोटोतली आत आहे?” त्यानंतर उत्तरानं फोटो काढून घेतला नाही. लग्नही राहिलं.

तेजलचा एकच फोटो होता. हरवायच्या महिनाभर आधी स्टुडिओत काढलेला. उत्तरा त्या दिवशी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती आणि तिला एवढं आठवत होतं, की आई कॅमेऱ्यामागून म्हणाली होती, “गाल झाक गो बाय.” तेजलनं शहाण्यासारखा डावा हात डाव्या गालावर ठेवला. बाबा पुढे झाले, तिचा हात अलगद खाली घेतला आणि म्हणाले, “हात काढ गो बाय. मी करतंय बरोबर.” गाल का झाकायचा आणि बाबा काय बरोबर करणार, हे सात वर्षांच्या मुलीला कोण सांगणार?

तेजल हरवली त्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी फोटो मागितला. पेपरात देणार होते, टीव्हीवरही दाखवणार होते. घरात गणपती आणलेला, माटवी अर्धी बांधलेली, आई भिंतीला टेकून बसलेली. शिवदास उत्तराला घेऊन स्टुडिओत गेले आणि तेजलची निगेटिव्ह काढून काचेवर ठेवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते मनगटानं पुसत होते आणि पेन्सिल चालवत होते. उत्तरा बाजूला उभी होती. बाबा त्या काचेत वाकून तेजलला शोधताहेत, असंच तिला तेव्हा वाटलं होतं.

मग पोलीस ठाण्यात वर्णन लिहून घेतलं. रंग? गहूवर्णी, शिवदास म्हणाले. ओळखीची खूण? डाव्या गालावर तीळ. सुहासिनी शेजारीच होती. तिनं मान डोलावली.

फोटो सगळीकडे गेला. तेजल सापडली नाही.

त्यानंतर दर वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी शिवदास कॅनव्हास लावायचे आणि तेजलचं तैलचित्र काढायचे, एका वर्षानं मोठी झालेली. सापडली तर ओळखता यायला हवी ना! फ्रॉकातली तेजल, शाळेच्या गणवेशातली, साडीतली. गोरीपान, डाव्या गालावर नाजूक तीळ. डोळे जाईपर्यंत अठ्ठावीस चित्रं झाली. उत्तरा आरशात जून होत होती आणि माळ्यावर तिची बहीण वर्षागणिक जास्त देखणी होत चालली होती. जी जगात आहे की नाही ठाऊक नाही, तिचा उत्तराला हेवा वाटायचा. मग स्वतःची लाज वाटायची. २०११ साली आई गेली, तीही त्यातल्या एका चित्राकडे बघत गेली.

*

मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, उत्तरानं माळा आवरायला काढला. बाबा सही करोत न करोत, सामान तर कधीतरी बांधायलाच लागणार होतं. चित्रांच्या मागे स्टुडिओतल्या निगेटिव्हचा खोका निघाला. एका पाकिटावर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘तेजल’.

भिंतीवरचा फोटो पार पिवळा पडला होता. यावरून नवा काढून घेऊ, असा साधा विचार करून तिनं पोस्टकार्डाएवढी ती निगेटिव्ह खिडकीशी धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, केस पांढरे, पांढरा फ्रॉक काळा. चेहऱ्यावर फिकट लालसर झाक होती आणि गालावर करड्या रंगाचा एक धब्बा. बुरशी धरली असेल, ती मनात म्हणाली. शाळेत काचपट्ट्या पुसून पुसून हाताला सवय झालेली. बाबांच्याच सामानातलं टर्पेंटाईन घेतलं, कापूस भिजवला आणि हळूच पुसलं.

कापूस राखाडी झाला. बुरशी अशी निघत नाही. तिनं कापूस नाकाशी नेला, बोटात चोळला. शिसं होतं, पेन्सिलीचं.

तिनं उरलेलं पुसलं. लाल रंग पाण्यानं बराचसा गेला. निगेटिव्ह परत उजेडाला धरली तेव्हा गालावर आठ आण्याएवढी स्वच्छ, आरपार जागा होती. निगेटिव्हमध्ये जे आरपार असतं ते खरं तर काळं असतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. फोनवर तिनं त्याचा फोटो घेतला आणि काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करून पाहिला.

एक काळी, गोबरी मुलगी तिच्याकडे बघत होती. डाव्या गालावर डोळ्याखालपासून ओठाच्या कोपऱ्याजवळ येणारा मोठा काळा डाग. उत्तरानं त्या डागाचा हजार वेळा पापा घेतला होता. तो तिला आत्ता, अडतीस वर्षांनी आठवला. इतकी वर्षं तिला तीळच आठवत होता.

ती फोन घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

“बाबा, तेजलच्या गालावर काय होतं?”

“तीळ.”

“तीळ नव्हता, बाबा. मी आत्ता बघितलं. सगळं पुसलं मी.”

शिवदास म्हणाले, “लहानसोच होतो.” आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्या दिवशी उत्तरा त्यांच्याशी बोलली नाही. पण रागाच्या मागोमाग तिच्या डोक्यात भलतंच येत होतं. इतकी वर्षं आपण चुकीचा चेहरा शोधत होतो. म्हणजे खरा चेहरा अजून कुणी शोधलेलाच नाही! मग अजून शोधता येईल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खी मुलगी मिळाली होती.

*

शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीनं तिनं सईला गाठलं. सई हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या एका संस्थेत काम करायची, तिशीची, फटाफट बोलणारी. फोटो बघून म्हणाली, “ताई, मी फुकटची आशा नाही लावत. पण एवढी मोठी खूण असली ना, की कुणाच्या तरी लक्षात राहतेच. ग्रुपवर टाकते.”

उत्तरानं आशा लावून घेतलीच. तिनं बाबांच्या खोलीतली दुसरी खाट पुसून ठेवली. बाजारातून दोन नवे गाऊन आणले, मापाचा अंदाज घेताना दुकानात उभी राहून रडली. बाबांना काही सांगितलं नाही, पण त्यांनी कपाटाचा आवाज ऐकला आणि विचारलं, “कोण येतला?” ती म्हणाली, “बघू.”

नवव्या दिवशी सईचा फोन आला. देवनारच्या पुढे एक महिलाश्रम आहे, तिथे खूण ओळखलीय, जायचंय. सईचा आवाज नेहमीसारखा फटाफट नव्हता, आणि उत्तरा काय ते रिक्षातच समजली असती, पण तिनं समजून घेतलं नाही.

आश्रमाच्या अधीक्षिका साध्या, थकलेल्या बाई होत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग फाइल पुढे केली.

“सुगंधा म्हणायचो आम्ही. नाव बालगृहातच ठेवलं होतं. स्वयंपाकघरात होती. तिच्यासारख्या चपात्या कुणाला यायच्या नाहीत.”

‘होती’ या शब्दावर उत्तराचा हात फाइलवरच राहिला.

“एकवीस साली, कोविडमध्ये. मे महिन्यात. आमच्या सहा जणी गेल्या त्या पंधरवड्यात. सगळं महापालिकेनंच केलं, आम्हाला जाऊही दिलं नाही.”

तीन वर्षं. फक्त तीन वर्षं आधी तो माळा आवरला असता तर! सईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

फाइलचं पहिलं पान बालगृहातलं होतं, ८६ सालचं. भिवंडीजवळ एका रिकाम्या टेम्पोत ताडपत्रीखाली झोपलेली सापडली. अंदाजे वय तीन. नाव सांगता येत नाही, विचारल्यास ‘बाय’ म्हणते. त्याखाली महिनाभरानंतरची नोंद, निळ्या शाईत, कुणीतरी अगदी मनापासून, सुवाच्य लिहिलेली. ‘घाटकोपर येथून हरवलेल्या मुलीचे छायाचित्र व वर्णन पोलिसांनी आणून दाखविले. छायाचित्रातील मुलगी गोरी असून गालावर तीळ आहे. सदर मुलगी काळी असून गालावर मोठा डाग आहे. जुळत नाही.’

उत्तरानं ते तीनदा वाचलं. लिहिणाऱ्याची काही चूक नव्हती. त्यानं फोटो बघितला, मुलगी बघितली आणि जे दिसलं ते लिहिलं. अठरा वर्षांची झाल्यावर तिला इथे देवनारला आणलं होतं. इथून जवळच, गोवंडीला, उत्तराचा मामा राहायचा. आई आजारी पडेपर्यंत दर महिन्याला याच रस्त्यानं भावाकडे जायची, आणि येताना कुठल्या ना कुठल्या देवाला तेजलसाठी नवस बोलून यायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून लोक हसतात. उत्तरानं फाइल मिटली.

“तिला काही आठवायचं का? घरचं?” तिनं शेवटी विचारलं.

“नाही हो. कुणी विचारलं तर म्हणायची, मला कुणी नाही. हट्टी नव्हती, भांडकुदळ नव्हती. एकच सवय होती.” बाईंनी सहलीचा एक फोटो काढून दिला. आठ-दहा बायका एका बागेत उभ्या होत्या. “फोटो काढायचा म्हटलं की हे असं करायची. कितीही सांगा. लहानपणापासूनच करते, असं बालगृहातून आली तेव्हा तिथलेही म्हणाले होते. कुणी शिकवलं कोण जाणे.”

मागच्या रांगेत डावीकडे एक काळी, ठेंगणी, चाळिशीकडे झुकलेली बाई उभी होती. तोंडावर आईचं हसू. डावा हात उघडून डाव्या गालावर ठेवलेला, शहाण्यासारखा.

साडेतीन वर्षांच्या मुलीनं आईचं नाव लक्षात ठेवलं नाही, बाबांचं ठेवलं नाही, स्वतःचंही ठेवलं नाही. घरून तिनं एवढंच नेलं होतं आणि ते मरेपर्यंत सांभाळलं.

*

घरी आली तेव्हा चार वाजले होते. ऊन खिडकीतून थेट शिवदासांच्या मांडीवर पडलं होतं. नवे गाऊन पिशवीसकट खाटेवर होते.

रस्ताभर तिनं ठरवलं होतं, सांगायचं नाही. आंधळ्या म्हाताऱ्याला कशाला? पण दारात चप्पल काढता काढता तिला ते निळ्या शाईतलं ‘जुळत नाही’ आठवलं आणि तिचा बांध फुटला.

“सापडली होती, बाबा. महिन्याभरातच सापडली होती. तुमचा फोटो घेऊन पोलीस तिच्यासमोर उभे होते आणि म्हणाले, ही ती नव्हे. अडतीस वर्षं मी समजत होते, मी हात सोडला म्हणून गेली. मी हरवलं तिला, पण सापडलेली तुम्ही पुसलीत! तुम्ही आणि आईनं!”

शिवदासांचे ओठ हलले. “लोक बघतले म्हणान…” ते म्हणाले. “टीव्हीर सगळे बघतले, कोण हसाक नये म्हणान केलंय गो.”

“हसले असते तर हसले असते. घरी तरी आली असती.”

“खंय आसा आता?”

“नाही आता. तीन वर्षं झाली.”

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. खाली कुणीतरी टेम्पोत कपाट चढवत होतं, अजून एक बिऱ्हाड निघालं होतं. शिवदासांनी हात पुढे केला आणि तो तसाच हवेत धरून ठेवला.

“फोटो दिलो काय त्यांनी?”

तिनं दिला. द्यायचा नव्हता, तरी दिला. त्यांनी तो उन्हात धरला, नाकाला लागेल इतका जवळ नेला, तिरपा केला, सरळ केला. दिसण्यासारखं त्यांच्या डोळ्यांत काही उरलं नव्हतं. मग ते बोटानं कागद चाचपू लागले, जणू चेहरा हाताला लागेल.

“खंयची ती?”

उत्तरानं त्यांचं बोट धरून मागच्या रांगेत, डावीकडे नेऊन ठेवलं.

“दिसता कशी?”

“आईसारखी हसते,” उत्तरा म्हणाली. “काळी आहे. डाग दिसत नाही, बाबा. तिनं गालावर हात ठेवलाय.”

शिवदासांचं बोट त्या जागी थांबलं. मग हळूहळू त्या इवल्याशा चेहऱ्यावरून खाली फिरू लागलं, एकदा, दोनदा, काहीतरी बाजूला करावं तसं.

“हात काढ गो बाय,” ते म्हणाले. “हात काढ. मी करतंय बरोबर.”

आणि दुसऱ्या हातानं ते खिशातली पेन्सिल शोधू लागले.